बैठकीचा काच

मराठीत शरीर आणि वस्तू यांच्या दुखऱ्या भेटीसाठी क्रियापदांची मोठीच श्रीमंती आहे. काटा बोचतो, सुई टोचते, खडा रुततो, डोळ्यात कण खुपतो, नवा जोडा चावतो आणि परकराची ओली नाडी काचते. ह्या साऱ्यांत 'काचणे' हे क्रियापद मला सर्वांत अर्थगर्भ वाटत आले आहे. बोचणे किंवा टोचणे ही क्षणाची घटना असते. काचण्याला वेळ लागतो. पोहऱ्याची दोरी विहिरीच्या दगडी काठावर एकदा घासली तर काहीच होत नाही, पिढ्यानपिढ्या घासली की दगडाला खाचा पडतात. त्वचेचेही तसेच आहे. हजार वेळा झालेल्या अगदी सौम्य स्पर्शाने तिला काच पडतो. भाषेने हे नेमके ओळखले होते, म्हणूनच सासुरवाशिणीच्या दुःखासाठी तिने 'जाच' आणि 'काच' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले. एका दिवसाच्या भांडणाला कोणी काच म्हणत नाही.

असे असूनही ज्या काचाविषयी मी येथे लिहीत आहे, त्याचे नाव घेताना आपण अडखळतो. लांबच्या सायकलप्रवासात बैठकीच्या जागी, जांघेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्वचा लाल होते, चुरचुरते, सोलवटते. पुढे तिच्यावर पुरळ उठते, एखाद्या केसाच्या मुळाशी केसतूड होते. विषय इतकाच आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांपुढे तो मांडावा असे मला का वाटले, हे पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

आपल्या वाङ्मयाने पायांच्या दुःखाची उपेक्षा केलेली नाही. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याचे पाय धुणे, ते तेलाने चोळून देणे ही सेवा समजली जाते. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेला आणि १९०७ मध्ये 'माझा प्रवास' ह्या नावाने प्रसिद्ध झालेला प्रवास घ्या, किंवा इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' हा लेख घ्या. चालणारा पाय आपल्या गद्याला परका नाही. चरण, पाऊल, पादुका, पायधूळ, पायपीट असा केवढा शब्दसंसार पायाभोवती उभा आहे! स्वाराच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. बखरींतून घोडी दौडतात, कोसांची गणती होते, स्वाराची मांड पक्की असल्याची वाखाणणी होते. परंतु ती मांड ज्या मांड्यांवर टिकली, त्यांचे मुक्कामावर पोचल्यावर काय झाले, हे सांगण्याची कोणाला गरज वाटत नाही. 'बैठक' ह्या शब्दाचे वैभवही पाहण्यासारखे आहे. गाण्याची बैठक असते, पैलवानाच्या जोर-बैठका असतात, लावणी बैठकीची असते, आणि आपण समीक्षक मंडळी तर लेखकाच्या वैचारिक बैठकीवर प्रबंध लिहितो. ज्या अवयवाच्या कृपेने हे सर्व बसणे साधते, त्याचा उल्लेख मात्र सभ्य गद्याने टाळला आहे.

म्हैसूरला अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यावर मी पुष्कळ वर्षांनी पुन्हा सायकल घेतली. हे शहर सायकलला अनुकूल आहे. मानसगंगोत्रीच्या आवारातली झाडी, कुक्करहळ्ळी तळ्याकाठची सकाळ, तासाभराच्या वाटेवरचे श्रीरंगपट्टण, पंचवीसेक किलोमीटरवरचे नंजनगूड, पन्नासेक किलोमीटरवरचे मेलुकोटे. ज्याला जितके अंतर झेपेल तितके त्याने घ्यावे. २०१७ साली येथे भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची 'ट्रिण ट्रिण' योजना सुरू झाली. रविवारी पहाटे चामुंडीच्या चढावर रंगीत शिरस्त्राणे घातलेले तरुण स्वार भेटतात. मेलुकोट्याला जाऊन आले त्या रात्री माझ्या उजव्या जांघेत तळहाताएवढ्या जागेची आग होत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्याने शिकवले. कोणाला वेगळे वाटले नाही. प्राध्यापकांनी उभे राहूनच शिकवायचे असते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलेली कारणमीमांसा साधी होती. दाब, घर्षण, ओल आणि उष्णता ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की काच पडतो. घामाने सतत भिजलेल्या त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर फुगून मऊ होतो. मऊ झालेला थर कोरड्या थरापेक्षा लवकर घासला जातो. घासून पडलेल्या सूक्ष्म फटींतून, एरवी त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे जंतू आत शिरतात आणि केसांच्या मुळांशी पू धरतो. मिनिटाला पंचाहत्तर वेळा पेडल फिरवणाऱ्याची मांडी तासाभरात साडेचार हजार वेळा सीटच्या कडेला घासून जाते. चार तासांच्या प्रवासात ही संख्या अठरा हजारांवर पोचते. एका फेरीत काहीच होत नाही. अठरा हजारांत होते.

हे ऐकताना मला कुवेंपूंच्या कादंबरीतला एक शब्द आठवला. कुवेंपू १९५६ ते १९६० ह्या काळात म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. मानसगंगोत्री हे नावही त्यांचेच. त्यांच्या 'मलेगळल्लि मदुमगळु' (१९६७) ह्या कादंबरीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मलनाडाच्या अरण्यात सायकल येते, तेव्हा गावकरी त्या परक्या 'बायसिकल'चे 'बीसेकल्लु' करून टाकतात. बीसेकल्लु म्हणजे दळणाचे जाते. नादसाम्यातून निघालेला हा विनोद आहे, पण लांबच्या प्रवासानंतर तो निव्वळ विनोद वाटेनासा होतो. जात्यात दोन दगड आणि मध्ये दाणा. सायकलवर एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला सीट आणि मध्ये त्वचा. योगायोग असा की, आयरिश लेखक फ्लॅन ओब्रायन यांची 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरीही त्यांच्या निधनानंतर १९६७ मध्येच प्रसिद्ध झाली. तीत एक पोलिस असा सिद्धान्त मांडतो की, खडबडीत रस्त्यांवर सायकलवर आयुष्य काढणाऱ्या माणसाचे अणू सीटमध्ये जातात, सीटचे अणू माणसात येतात, आणि कालांतराने माणूस निम्मा सायकल होतो. मलनाड आणि आयर्लंड यांचा परस्परांशी काही संबंध नाही. तरीही दोन्हीकडे कल्पना घर्षणावरच येऊन थांबली, आणि दोन्हीकडे ती विनोदाच्या पडद्याआडूनच बोलली, हे तौलनिक अभ्यासकाने टिपून ठेवावे असे आहे.

पडद्याशिवाय बोलणारा माणूस मला देवराज अरस रस्त्यामागच्या एका गल्लीत भेटला. सायकली दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. दुकानांत सर्रास मिळणारी मऊ गादी त्याने दाखवलीही नाही. कन्नड, दख्खनी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात तो म्हणाला, "मेडम, मऊ सीट दुकानात बरी लागते. रस्त्यावर माणूस तिच्यात बुडतो, आणि बुडालेला माणूस चहूकडून घासतो." मग त्याने लाकडी बाकावर खोक्याचा पुठ्ठा पसरला आणि त्यावर क्षणभर बसायला सांगितले. उठले तेव्हा पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. श्रोणीच्या तळाशी असलेल्या, ज्यांवर आपण बसतो त्या दोन हाडांचे ते ठसे. टेपने त्यांच्यातले अंतर मोजून त्याने तेवढ्या रुंदीची, कठीणशी सीट काढली. शरीराचा भार ह्या दोन हाडांनी घ्यावा, मधल्या मऊ भागाने घेऊ नये, हे सीटचे सारे शास्त्र. बायकांत हे अंतर सामान्यतः पुरुषांपेक्षा अधिक असते, त्यामुळे पुरुषांच्या मापाची सीट बायकांना अनेकदा काचते. त्यानंतर उंची. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. सीट त्याहून उंच असली की पेडल गाठायला कंबर डावी-उजवी डोलते, आणि जी डोलते ती घासते. शेवटी त्याने सीटवर पाणसळ ठेवून ती समपातळीत आणली. "दर पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहून दहा-वीस फेरे मारा. रक्ताला वाट द्या, वाऱ्यालाही द्या," असे तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात संकोचाचा लवलेश नव्हता. तो माझ्या हाडांविषयी चेनविषयी बोलावे तसा बोलत होता, आणि त्या बोलण्यात जो आदर होता तो मला पुष्कळ सभ्य भाषणांत आढळलेला नाही.

वस्तुतः अशा ज्ञानाची परंपरा आपल्याकडे आहे. ती फक्त माणसासाठी वापरली गेली नाही. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जुवाखाली घासलेला खांदा ऊन पाण्याने धुतात, शेकतात, आणि हळद व लोणी किंवा तूप लावून हाताने मळतात. खांदा आला म्हणजे बैल बसला आणि बैल बसला म्हणजे घर बसले, हे कुणब्याला ठाऊक होते. कर्तव्याला त्याने विधीचे रूप दिले, म्हणजे विसर पडायला नको. घोड्याच्या पाठीसाठी खोगीर होते. त्याच्या आत भरलेल्या चिंध्यांवरून 'खोगीरभरती' हा शब्द आला, आणि निरुपयोगी मजकुरासाठी तो आपण समीक्षेत तुच्छतेने वापरतो. हा अर्थ खोगिरावर बसणाऱ्याने दिलेला दिसतो. घोड्याला विचारले असते तर त्या चिंध्यांइतके मोलाचे त्याने दुसरे काही मानले नसते. म्हैसूरच्या वडेयर राजांनी गोधनासाठी जे खाते उभारले त्याचे नाव 'बेण्णे चावडी', म्हणजे लोण्याची चावडी. टिपू सुलतानाने त्याचे 'अमृत महाल' केले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते इंग्रजांच्या हाती गेले, आणि त्याच बैलांच्या बळावर आर्थर वेलस्लीने १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत तोफा व रसद हलवली. ते लोणी दरबारच्या ताटासाठी होते, बैलांच्या खांद्यासाठी नव्हे, हे मी जाणते. तरीही लोणी आणि जू ह्यांचा हिशेब एकाच चावडीत लिहिला जात होता, ह्याचे मला अप्रूप वाटते. युरोपातल्या सायकलस्वारांनी आपल्यासाठी हाच उपाय काढला. त्यांच्या चड्डीला आतून शॅमॉय नावाच्या पहाडी प्राण्याच्या मऊ चामड्याचे अस्तर असे. धुऊन वाळवले की ते ताठर होई, म्हणून त्याला स्निग्ध मलम चोळून मऊ करीत. आज अस्तर कृत्रिम आहे, मलम मात्र त्या चामड्याच्याच नावाने विकले जाते. ती त्यांची खांदेमळणी म्हणायची.

हे सारे माझ्या मनात जुळून आले ते एका विद्यार्थिनीमुळे. ती निपाणीकडची. शहराच्या कडेला खोली घेऊन राहत होती आणि रोज आठ-नऊ किलोमीटर सायकलने येत असे. बसचे पैसे वाचत आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत थांबता येई. बसच्या वेळापत्रकाशी तिला देणेघेणे नव्हते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती उशिरा येऊ लागली, लवकर जाऊ लागली, आणि मग दोन आठवडे आलीच नाही. विचारले की उत्तर एकच: "सायकल बिघडली आहे, मॅडम." ज्या विभागात आम्हां सर्वांना मिळून आठ-नऊ भाषा येत होत्या, तेथे तिला आपले दुखणे सांगायला एकही भाषा सापडली नव्हती. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक पुरुष, विकणाराही पुरुष. ती दोनदा जाऊन कापूस घेऊन परत आली होती. जांघेतले केसतूड पिकून ताप भरेपर्यंत तिने दिवस काढले. शेवटी घरी फोनवर आजीला सांगितले. आजी म्हणाली, "आगं, बेंदराला बैलाचा खांदा मळतोय आपण. तुझा कुणी मळायचा? ऊठ, डाक्टरकडं जा आदी, आन् मग मला सांग." हे वाक्य तिने मला सांगितले तेव्हा ती हसत होती, आणि डोळ्यांत पाणीही होते.

ह्या प्रसंगात क्षुल्लक काही नाही. सायकल हाती येणे हा स्त्रीच्या आयुष्यातला केवढा पालट असू शकतो, हे तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याच्या साक्षरता चळवळीने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिले. हजारो ग्रामीण स्त्रिया तेव्हा सायकल शिकल्या. जी सायकल घरच्यांच्या विरोधाने सुटली नाही, रस्त्याच्या टोमण्यांनी सुटली नाही, ती दोन बोटांच्या चट्ट्याने सुटावी, आणि सुटण्याचे कारण कोणाला कळूही नये, ह्याला मी भाषेचे अपयश मानते. पुरुषांच्या बाबतीत हेच मौन जिद्दीच्या नावाखाली वावरते. २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका खंड ओलांडणारी स्पर्धा एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले ते लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ. पाच हजारांच्या आसपास किलोमीटर त्यांनी बारा दिवसांच्या आत कापले. अशा पराक्रमाचे वर्णन आपण जिद्द, चिकाटी, मनोबल ह्या शब्दांत करतो. ते खरेच आहेत. परंतु इतका वेळ सीटवर टिकून राहण्यामागे त्वचेची तासातासाची राखण असते, हे त्या शब्दांत मावत नाही. मग नवखा मुलगा समजतो की सोसणे हीच साधना, आणि सोलवटलेल्या जागेवर पुन्हा बसतो.

त्या विद्यार्थिनीला बरे वाटल्यावर आम्ही दोघींनी मुलींच्या वसतिगृहासाठी एक पानभर मजकूर तयार केला. त्यात नवे काहीच नव्हते. लांब जायचे असेल तर अंतर हळूहळू वाढवावे. सुती कपडा घाम धरून ठेवतो, म्हणून घाम लवकर सुकणारा कपडा घ्यावा. सलवारीच्या शिवणी जेथे एकत्र येतात ती गाठ बरोबर सीटवर येते, तेव्हा सायकलसाठी अस्तराची चड्डी वापरावी आणि तिच्या आत दुसरे काही घालू नये. वरून सलवार किंवा सैल पायजमा घालण्यास हरकत नाही. निघण्यापूर्वी घासणाऱ्या जागी व्हॅसलिन किंवा तसेच साधे, बिनवासाचे मलम लावावे. पाळीच्या दिवसांत पॅडच्या कडांनी काच पडतो, तेव्हा तेथेही लावावे आणि पॅड वेळेवर बदलावे. त्या भागातले केस वस्तऱ्याने काढू नयेत. वाढताना ते त्वचेत अडकतात. मुक्कामाला पोचताच, चहाच्या आधी, ओले कपडे बदलावेत, धुऊन अंग टिपून कोरडे करावे. चड्डी प्रत्येक वेळी धुवावी आणि उलटी करून उन्हात वाळवावी. बधिरपणा आला तर तो सहन करू नये. सीटची जागा, कल किंवा रुंदी चुकत आहे असे समजावे. लाली दिसली तर एक-दोन दिवस सायकल ठेवून द्यावी. गाठ आली, पू झाला, ताप भरला तर डॉक्टरकडे जावे.

मजकूर मराठीत आधी लिहिला गेला. कन्नडमध्ये आणताना 'काच' ह्या शब्दापाशी आमचे दोन दिवस गेले. घासणे सांगणारे शब्द मिळत होते, दुखणे सांगणारे मिळत होते; घासत घासत दुखणे एका शब्दात येईना. 'जांघ' ह्या शब्दासाठी वसतिगृहातल्या मुलींनी आधी 'तो भाग' असे सुचवले. विद्यार्थिनी हट्टाने 'तोडेसंदु' लिहून मोकळी झाली. तोडे म्हणजे मांडी, संदु म्हणजे सांधा किंवा फट. शब्द कोशात आहे, स्वच्छ आहे, आणि कोणाचेही त्यात काही बिघडत नाही. इंग्रजी मसुद्यात ही अडचण आलीच नाही. परकी भाषा आपल्या लाजेला नेहमीच सोयीची असते. आपण तिच्यात बोलतो तेव्हा आपले शरीर जणू दुसऱ्याचे होते. म्हणून इंग्रजी मजकूर आम्ही सर्वांत खाली, बारीक अक्षरांत ठेवला.

तो कागद स्नानगृहाच्या दाराला आतल्या बाजूने लावला होता, म्हणजे वाचताना कोणी पाहू नये. महिन्याभराने पाहिला तेव्हा ओलीने त्याच्या कडा वळल्या होत्या, आणि खालच्या कोऱ्या जागेत कोणीतरी पेन्सिलीने तो सबंध मजकूर मल्याळममध्ये उतरवून ठेवला होता.